मालवणात समुद्रकाठी उतरताना : खोली ठरवण्याआधी आणि ठरवल्यावर

दिवाळीचा फराळ संपत आला की ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. "डिसेंबरात मालवणला जायचे आहे. हॉटेल घ्यावे की घरगुती?" "जाहिरातीत 'बीच टच' लिहिले आहे, खरेच किनाऱ्यावर असेल का?" "पाच हजार अ‍ॅडव्हान्स मागताहेत. जाणे रद्द झाले तर परत मिळतात का?" सहलीहून आल्यावर दुसरी फेरी सुरू होते. "घर सुंदर होते, पण रात्रभर कौलांवर काहीतरी धावत होते." "गिझर चाललाच नाही. पैसे मागता आले असते का?"

आमच्या नाशिकहून मालवण साडेपाचशे ते सहाशे किलोमीटर आहे. एक दिवस जाण्यात, एक दिवस येण्यात. एवढे अंतर तोडून, मुलांना आणि आईवडिलांना घेऊन पोहोचल्यावर खोली मनासारखी नसेल तर सगळी सहल कडवट होते. म्हणून हे सगळे प्रश्न एकत्र घेऊन पायरीपायरीने उत्तरे देत आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. समुद्रकाठच्या जुन्या कौलारू घरात राहायचे तर त्या घराच्या वळणाने राहावे लागते. पण घराचे वळण वेगळे आणि मालकाची हयगय वेगळी. पहिले आपलेसे करायचे, दुसरी अजिबात चालवून घ्यायची नाही. हा फरक ओळखता आला की निम्म्या तक्रारी उरत नाहीत आणि उरलेल्या ठामपणे मांडता येतात.

आधी गाव समजून घ्या

मालवण हे मुळात बेटावरचे गाव. १८८० च्या गॅझेटिअरमध्ये इथल्या तीन बेटांची नोंद आहे. बाहेरच्या दोन बेटांपैकी मोठ्या बेटावर, म्हणजे कुरट्यावर, सिंधुदुर्ग किल्ला उभा आहे. त्याचे बांधकाम शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सुरू केले. दुसऱ्या, लहान बेटावर पद्मगड आहे. तिसरे बेट अरुंद पाण्याने किनाऱ्यापासून तुटलेले होते आणि त्यावरच जुने मालवण वसले. पुढे समुद्र मागे हटला, मधली पट्टी बुजली आणि बेट जमिनीला जोडले गेले.

खोली शोधणाऱ्याला हा इतिहास उपयोगी पडतो. या गावात 'समुद्राजवळ' म्हणजे एकच गोष्ट नाही. कुठे खडक आहेत, कुठे जेटी, कुठे खाडी, तर कुठे लांबलचक पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. म्हणून आधी भाग ठरवा, मग घर.

- मालवण शहर (मेढा, धुरीवाडा, चिवला, दांडी): बाजारपेठ, मासळी बाजार आणि किल्ल्याची जेटी पायी अंतरावर. गल्लीबोळ, माडांची बने आणि जुनी घरे इथेच पाहायला मिळतात. मेढ्यातला किनारा बराचसा खडकाळ आहे, पोहायला तो योग्य नाही. पुळण हवी तर चिवल्याला जा. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील आणि गाडी नसेल तर शहरातच उतरा.
- वायरी आणि तारकर्ली: शहरापासून दक्षिणेला काही किलोमीटर. पांढरी, रुंद पुळण आणि सुरूचे बन. मुलांना वाळूत खेळायचे असेल तर हा भाग सोयीचा.
- देवबाग: एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी आणि मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. जागा देखणी आहे, पण रस्ता एकच आणि अरुंद. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात इथे गाड्या तासन् तास अडकतात. विहिरीचे पाणी काही ठिकाणी मचूळ लागते, तेव्हा पिण्याच्या पाण्याची सोय आधी विचारा.
- कोळंब खाडीपलीकडे तोंडवळी, आचरा: शांतता हवी, रोज फिरायला जायचे नाही आणि स्वतःची गाडी आहे, अशांसाठी.

जागेचा प्रकार निवडा

1. घरगुती निवास-न्याहारी. मालकाचे कुटुंब त्याच आवारात राहते. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौले, पुढे पडवी, अंगणात खळे आणि तुळशीवृंदावन. जेवण घरचे. गाव समजून घ्यायचे असेल, गप्पा आवडत असतील, तर याला तोड नाही. खोलीतच राहून जेवण मागवायची सवय असेल तर मात्र अवघडल्यासारखे होईल.
2. बागेतल्या खोल्या. मालकाने माडाच्या बागेत स्वतंत्र बांधलेल्या दोन-चार खोल्या. मोकळीकही मिळते, घरचे जेवणही. लहान मुलांच्या कुटुंबाला हा मधला मार्ग मानवतो.
3. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे, म्हणजे एमटीडीसीचे पर्यटक निवास. तारकर्लीला किनाऱ्यालगत आहे. दर जाहीर असतात, बुकिंग अधिकृत संकेतस्थळावरून होते आणि पावतीची चिंता नसते. सुट्ट्यांत खोल्या लवकर संपतात.
4. नवी हॉटेले आणि रिसॉर्ट. लिफ्ट, जनरेटर, चोवीस तास गरम पाणी. गुडघेदुखी असलेल्या व्यक्तीसाठी किंवा मोठ्या गटासाठी योग्य. इथे कोकणातले घर मात्र मिळणार नाही.

घरगुती पर्यायाबाबत अनेकांच्या मनात शंका असते की किनाऱ्यावर अशी घरे चालवणे नियमात बसते का. बसते. किनारा नियमन क्षेत्राच्या, म्हणजे सीआरझेडच्या अधिसूचनेनुसार स्थानिक रहिवाशांना आपल्या राहत्या घरात पाहुणे ठेवता येतात. अट अशी की घराचा चौथरा, रचना आणि दर्शनी भाग बदलायचा नाही. म्हणून "निवास-न्याहारीची नोंदणी आहे का?" हे सरळ विचारा. नोंदणी असलेला मालक प्रमाणपत्राचा फोटो लगेच पाठवतो.

जाहिरातीतले शब्द नीट वाचा

- 'बीच टच': आवाराच्या कुंपणातून थेट पुळणीवर पाऊल पडले पाहिजे. मध्ये रस्ता, दुसऱ्याची बाग किंवा धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचे दगड असतील तर ते 'बीच टच' नव्हे.
- 'सी-व्ह्यू': समुद्र दिसतो. कुठून, हे विचारा. खोलीच्या खिडकीतून, सामाईक गच्चीवरून की माडांच्या फटीतून?
- 'किनारा दोन मिनिटांवर': गाडीने की पायी?
- 'पारंपरिक कोकणी घर': जुने घर, की सिमेंटच्या खोलीवर सजावटीची कौले?
- 'घरगुती जेवण': त्याच घरात शिजते की बाहेरून डबा येतो?

यावर एक साधा उपाय आहे. मालकाला विनंती करा, "खोलीच्या दारातून समुद्रापर्यंत चालत जातानाचा एक सलग व्हिडिओ पाठवा." दोन मिनिटांच्या त्या चित्रणात अंतर, वाट, शेजार आणि स्वच्छता सगळे कळते. निवडक फोटोंत ते कळत नाही.

कधी जावे

ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखाचा. मे महिन्यात आंबे, फणस, करवंदे असतात, पण उकाडाही असतो. मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत किल्ल्याच्या प्रवासी होड्या आणि जलक्रीडा बंद असतात. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, त्यामुळे ताज्या समुद्री मासळीचीही अपेक्षा ठेवू नका. पावसाळ्यात खोल्या स्वस्त असतात आणि गाव हिरवेगार होते. सिंधुदुर्ग पाहणे हाच मुख्य हेतू असेल तर हे महिने टाळा.

खोल्या मिळणे कठीण जाते असे काही प्रसंग बाहेरच्यांच्या लक्षात येत नाहीत.

- आंगणेवाडीची जत्रा. भराडी देवीची ही जत्रा मालवण तालुक्यातच भरते. तिला ठरलेली तिथी नाही. देवीचा कौल घेऊन दरवर्षी तारीख जाहीर होते. त्या दिवसांत मालवण, कणकवली, कुडाळपर्यंत खोली मिळत नाही. जानेवारी ते मार्चमध्ये जाणार असाल तर आधी जत्रेची तारीख पाहा.
- गणेशोत्सव. मुंबई-पुण्याची घरची माणसे गावी येतात. बरीच घरगुती निवासस्थाने तेव्हा पाहुणे घेत नाहीत. आग्रह धरू नका.
- डिसेंबर. चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरण स्पर्धा होतात, पाठोपाठ नाताळच्या सुट्ट्या लागतात. या महिन्यासाठी दोन महिने आधी हालचाल करा.

नाशिकहून पोहोचण्याचा हिशेब

मालवणला रेल्वे जात नाही. कोकण रेल्वेवर कणकवली, सिंधुदुर्ग किंवा कुडाळला उतरून पुढे एसटी किंवा रिक्षा करावी लागते. कुडाळहून साधारण तीस किलोमीटर आहे. मंगला एक्स्प्रेस नाशिकरोडहून थेट कोकण रेल्वेवर जाते, मात्र तुमच्या स्थानकावर ती थांबते का हे तिकिटाआधी पाहा. दुसरा मार्ग म्हणजे ठाण्यापर्यंत जाऊन रात्रीची कोकणकन्या एक्स्प्रेस धरणे. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते, म्हणून खोली आणि तिकीट यांच्या तारखा एकाच दिवशी जुळवा.

कोकणकन्येने गेलात तर सकाळी पोहोचता आणि खोली दुपारी बारानंतर मिळते. थकलेली मुले घेऊन चार तास पडवीत बसायची वेळ येऊ नये म्हणून "सकाळी आलो तर आंघोळीची सोय आणि सामान ठेवायला जागा मिळेल का?" हे आधी विचारून घ्या. बहुतेक घरांत आनंदाने मिळते.

एवढ्या प्रवासासाठी दोन रात्री अपुऱ्या पडतात. किमान तीन रात्री ठेवा.

खोली ठरवण्याच्या सहा पायऱ्या

1. फोन नंबर पडताळा. नकाशावरचे नंबर बदलून पैसे उकळणारे भामटे आहेत. नंबर दोन वेगवेगळ्या ठिकाणी जुळतो का ते पाहा आणि प्रत्यक्ष बोला. गावातल्या खुणा विचारा. खरा मालक जवळचे देऊळ, शाळा, एसटी थांबा न अडखळता सांगतो.
2. दर कशाचा, ते स्पष्ट करा. खोलीचा की माणशी? न्याहारी धरून की सोडून? जादा गादी आणि मुलांचे किती? एसी वापरल्यास वेगळे पैसे आहेत का?
3. कर विचारा. प्रति रात्र ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे, त्याहून महाग खोलीवर १८ टक्के. ज्या लहान घरमालकाची जीएसटी नोंदणी नाही, त्याला स्वतःच्या पावतीवर जीएसटी लावता येत नाही. बुकिंगच्या अ‍ॅपवरून खोली घेतल्यास मात्र कर लागू शकतो. कर लावला असेल तर बिलावर जीएसटी क्रमांक असलाच पाहिजे.
4. रद्द करण्याच्या अटी लेखी घ्या. 'किती दिवस आधी कळवले तर किती परत' हे मेसेजवर मिळवा. "बघू, करू काहीतरी" या शब्दांवर पैसे पाठवू नका.
5. आगाऊ रक्कम बेताची द्या. एका रात्रीचे भाडे किंवा एकूण रकमेचा एखादा हिस्सा रास्त. पूर्ण रक्कम आधी मागत असतील आणि परताव्याची अट नसेल तर दुसरे घर पाहा. पैसे पाठवताना पडद्यावर दिसणारे नाव मालकाचेच आहे ना, ते तपासा.
6. सगळे एका मेसेजमध्ये मांडा. तारखा, रात्री, माणसे, खोलीचा प्रकार, एकूण दर, दिलेली रक्कम, रद्द करण्याची अट. शेवटी लिहा, "बरोबर असल्यास 'होय' कळवावे." त्यांचा 'होय' हाच तुमचा करार.

फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

घराचे वळण आणि मालकाची हयगय

मेढ्यातल्या एका जुन्या घरातली पहाट अजून डोळ्यांपुढे आहे. साडेपाचला जाग आली ती झाडूच्या आवाजाने. घरच्या काकी खळे झाडत होत्या. कौलांच्या फटींतून चुलीचा धूर वर जात होता आणि शेजारच्या बागेत एक नारळ धप्पकन पडला. चहाची कपबशी पडवीच्या कठड्यावर ठेवत काकींनी विचारले, "जेवूक काय करू?" आणि उत्तराआधीच सांगितले, "आज बांगडो बरो इलो हा." सकाळी सहा वाजता दुपारच्या जेवणाचा प्रश्न ऐकून सोबतचे पाहुणे गोंधळले. पण मासळी सकाळीच घ्यायची असते, म्हणून हा प्रश्न सकाळीच येतो. हे त्या घराचे वळण.

नाशिकच्या पंचवटीत किंवा भद्रकालीत वाड्यात वाढलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. वरच्या माडीवर कुणी चालले की खाली पावले मोजता येत असत. जुनी घरे अशीच बोलतात.

हे घराचे वळण, मनापासून स्वीकारा :

- कौलांवर रात्री उंदराची किंवा उदमांजराची धावपळ, भिंतीवर पाल.
- समुद्राची रात्रभर चालणारी गाज.
- खोल्यांतून ऐकू जाणारे आवाज आणि त्यामुळे रात्री हळू बोलण्याची विनंती.
- ओलसर हवा. टॉवेल एका दिवसात वाळत नाही, दोन-तीन सोबत न्या.
- उंच उंबरठे, ठेंगणी दारे, अंधारे माजघर.
- अधूनमधून जाणारी वीज.
- जेवणाची ठरावीक वेळ आणि आधी वर्दी देण्याची गरज.

ही हयगय, चालवून घेऊ नका :

- अस्वच्छ न्हाणीघर, वास मारणारी गादी, न बदललेल्या चादरी.
- उघड्या वायरी, शॉक देणारे नळ किंवा बटणे.
- न लागणारी कडी, तुटलेले गज.
- झाकण नसलेली विहीर किंवा टाकी, विशेषतः मुले असतील तर.
- ठरलेली खोली दुसऱ्याला देऊन तुम्हाला दुसरीकडे पाठवणे.
- कबूल केलेला एसी, गिझर किंवा इन्व्हर्टर बंद असणे.

एका ठिकाणी आमच्या न्हाणीघरातल्या गिझरची वायर उघडी होती. विचारल्यावर उत्तर आले, "जुने घर आहे, चालायचेच." घर जुने होते हे खरे, पण वायर अलीकडची होती. आम्ही खोली बदलून मागितली आणि मिळाली. 'जुने घर' हे कारण सुरक्षेच्या बाबतीत कधीच मान्य करू नका.

म्हणून सामान उघडण्याआधी दहा मिनिटे द्या. नळ, फ्लश, दिवे, पंखा, कडी, गादी पाहा. काही खटकले तर लगेच फोटो काढा आणि लगेच सांगा. दुसऱ्या दिवशी केलेली तक्रार लंगडी पडते. गाडी लावताना वर पाहा, माडाखाली ती कधीही ठेवू नका.

जेवणाबाबत

- थाळीचा दर मासळीप्रमाणे बदलतो. सुरमई, पापलेट, कोळंबी यांचा त्या दिवशीचा दर ऑर्डरच्या आधीच विचारा. इथे तो विचारण्याची पद्धत आहे, कुणाला राग येत नाही.
- सोमवार किंवा देवाचा वार पाळणाऱ्या घरांत त्या दिवशी मासळी शिजत नाही. तुमचे दिवस आणि त्यांचे वार जुळवून घ्या.
- शाकाहारी असाल तर "भाजी-भाकरी चालेल" एवढ्यावर थांबू नका. काळ्या वाटाण्याची आमटी, घावणे, आंबोळी, रसातले शिरवाळे आणि हंगामात ओल्या काजूंची उसळ मागा. कडक शाकाहारी असाल तर भांडी आणि चूल वेगळी आहे का, हे बुकिंगच्या वेळीच विचारा.
- जेवणार नसाल तर सकाळीच कळवा. तुमच्यासाठी आणलेली मासळी परत जात नाही.

समुद्रात उतरण्यापूर्वी

भरती-ओहोटीची वेळ रोज जवळजवळ पाऊण तासाने पुढे सरकते. किनाऱ्यावरच्या माणसांचा ढोबळ हिशेब सोपा आहे. मराठी तिथीच्या अंकाला पाऊणने गुणा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण मोठे असते. नेमकी वेळ मालकाला किंवा होडीवाल्याला विचारा आणि मगच पाण्यात उतरा.

- देवबागच्या संगमावर, जिथे कर्ली समुद्राला मिळते, तिथे पोहू नका. पाण्याला ओढ असते.
- किल्ल्याच्या होडीत आणि जलक्रीडेच्या बोटीत लाइफ जॅकेट अंगावर बांधलेले हवे, मांडीवर ठेवलेले नव्हे. माणसे कोंबलेली दिसली तर चढू नका, पुढची होडी घ्या. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी बोट उलटून दोन पर्यटकांचा जीव गेला, हे विसरू नका.
- स्कूबासाठी परवानाधारक चालकच निवडा. दमा, हृदयविकार, कानाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर पाण्याखाली जाऊ नका. तारकर्लीत एमटीडीसीचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, शिकायचेच असेल तर तिथे चौकशी करा.
- मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळ तोडू नका, जिवंत शंख उचलू नका.
- संकटात ११२ आणि समुद्रातील मदतीसाठी तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक लक्षात ठेवा.

पाहुणा म्हणून तुमचे हक्क

- बिल मिळण्याचा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. रोख दिले तरी पावती मागा.
- सेवाशुल्क नाकारण्याचा. हॉटेलने बिलात आपोआप सेवाशुल्क जोडू नये, अशी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ४ जुलै २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. बक्षिशी देणे सर्वस्वी तुमच्या मर्जीवर.
- कबूल केलेली सेवा मिळण्याचा. दाखवलेली खोली एक आणि दिलेली दुसरी, ही सेवेतील त्रुटी आहे. दुरुस्ती, खोलीबदल किंवा परतावा यांपैकी एक मागा. सदोष सेवेचे पैसे परत करायला नकार देणे हीसुद्धा अनुचित प्रथा ठरते.
- ओळखपत्रातील माहिती जपण्याचा. ओळखपत्र दाखवणे आवश्यक आहे. आधारची प्रत द्यायची असेल तर पहिले आठ अंक झाकलेले 'मास्क्ड आधार' द्या. परदेशी नागरिकत्व असलेले नातेवाईक सोबत असतील तर त्यांचा पासपोर्ट, व्हिसा किंवा ओसीआय कार्ड जवळ ठेवा. त्यांची नोंद मालकाला ऑनलाइन करावी लागते.
- किनाऱ्यावर फिरण्याचा. भरती-ओहोटीच्या रेषांमधली पुळण कुठल्याही हॉटेलच्या मालकीची नसते. "हा आमचा खासगी किनारा" असे म्हणून तुम्हाला कुणी अडवू शकत नाही. हाच नियम तुम्हालाही लागू आहे. रापणीचे जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांची वाट अडवू नका.

तुमच्याच कारणाने बेत रद्द झाला तर पैसे परत मिळणे लेखी अटीवर अवलंबून असते. अट 'परतावा नाही' अशी होती आणि तुम्ही ती मान्य केली होती, तर कायद्याचा आधार तोकडा पडतो. अशा वेळी तारीख पुढे ढकलून मागा. लहान घरमालक बहुधा मान्य करतात.

तक्रार करायची तर

1. तिथेच, मालकाशी. शांतपणे आणि फोटो दाखवून. बहुतेक प्रश्न इथेच सुटतात.
2. लेखी. त्याच दिवशी मेसेज करा. काय ठरले होते, काय मिळाले, काय हवे आहे, एवढेच.
3. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मराठीतूनही बोलता येते. तक्रार क्रमांक जपून ठेवा.
4. जिल्हा ग्राहक आयोग. यासाठी मालवणला किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, खेपा घालाव्या लागत नाहीत. २०१९ च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तिथल्या आयोगात तक्रार दाखल करण्याची मुभा दिली आहे. म्हणजे नाशिकच्या रहिवाशाला नाशिकच्याच आयोगात दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या सेवेसाठी शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइन दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची.

सोबत हवे : 'होय' आलेला तो मेसेज, पैसे पाठवल्याचा पुरावा, बिल आणि फोटो. या चार गोष्टी असतील तर बाजू भक्कम असते.

पाहुण्याने पाळायच्या गोष्टी

- पडवीत चपला घालून फिरू नका. तुळशीपाशी आणि देवघराकडे जाताना विचारा.
- पुळणीवरून आल्यावर पाय बाहेरच्या नळावर धुवा. वाळूने न्हाणीघराचे पाइप तुंबतात.
- विहिरीचे पाणी सगळ्या घराला पुरायचे असते, शॉवर बेताने वापरा.
- किनाऱ्यावर गाडी नेऊ नका, बाटल्या टाकू नका, रात्री मोठ्याने गाणी लावू नका.
- पोहोचायची वेळ आणि माणसांची खरी संख्या आदल्या दिवशी फोन करून कळवा. चौघांचे सांगून सहा जण जाऊ नका.

जाण्यापूर्वी एवढेच ध्यानात असू द्या. चिऱ्याच्या भिंतींची आणि मंगलोरी कौलांची ही घरे आपोआप टिकत नाहीत. दरवर्षी पावसाआधी कौले उतरवून परतावी लागतात, फुटलेली बदलावी लागतात, वासे पाहावे लागतात. त्या खर्चाला तुम्ही दिलेले भाडे कामी येते. म्हणून चांगले घर मिळाले, मालकाने शब्द पाळला, तर निघताना त्यांचा नंबर वहीत लिहून घ्या, चार जणांना सांगा आणि पुढच्या वर्षी थेट त्यांनाच फोन करा.